इ.स. की सा.यु.? स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यासाठी

सोलापूरच्या इतिहासावर पुस्तिका किंवा माहितीफलक तयार करणाऱ्याला लवकरच ठरवावे लागते की वर्षाआधी रूढ ‘इ.स.’ लिहायचे, की धर्मनिरपेक्ष म्हणून सुचवले जाणारे ‘सा.यु.’, म्हणजे सामान्य युग.

यातले काहीही निवडले तरी वर्षाचा आकडा बदलत नाही. दोन्हींचा आरंभ डायोनिसियस एक्झिग्यूअस या ख्रिस्ती भिक्षूने ५२५ मध्ये येशूच्या जन्मावरून केलेल्या हिशेबात आहे. तो हिशेबही बहुधा चुकलाच, कारण ज्या हेरोद राजाच्या काळात येशू जन्मल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. ४ मध्येच वारला होता. ‘सा.यु.’ लिहिल्याने गणनेचे मूळ धर्मनिरपेक्ष होत नाही, फक्त पाटी बदलते.

इंग्रजीत पाटी बदलण्यालाही अर्थ आहे. तिथे रूढ असलेल्या ‘ए.डी.’ (अॅनो डोमिनी) या लॅटिन संज्ञेचा अर्थ ‘प्रभूच्या वर्षी’ असा होतो, आणि येशूला प्रभू न मानणाऱ्या ज्यू लेखकांना ती खटकणे स्वाभाविक होते. मराठीतला ‘इसवी’ मात्र अरबी-फारसी वळणाचा शब्द असून त्याचा अर्थ ‘ईसाचा’ एवढाच आहे. हिजरी, फसली, शुहूर असे निरनिराळे सन ज्या दफ्तरांत नांदले, तिथे कोणता सन हे सांगण्यापुरतेच असे विशेषण लागते, त्यात श्रद्धेची कबुली नसते. उलट ‘युग’ म्हटले की मराठी वाचकाला आधी कलियुग आठवते, म्हणजे धर्म टाळायला निघालेली संज्ञा पुराणाच्या दारात जाऊन उभी राहते.

आपल्याकडे तिसरा पर्यायही आहे, आणि सोलापूरकराने तो विसरू नये. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडल येथील मराठी शिलालेखावर शक ९४० कोरलेला आहे. तिथे ‘शक ९४० (इ.स. १०१८)’ असेच लिहावे, मूळ दगडावरचा आकडा आधी, रूपांतर कंसात. साधारणपणे शकात ७८ मिळवावे, मात्र जानेवारीपासून फाल्गुन अखेरीपर्यंतच्या तिथीसाठी ७९. भारताची राष्ट्रीय दिनदर्शिकाही २२ मार्च १९५७ पासून शकावरच चालते, जरी व्यवहारात तिची आठवण फारशी कोणाला होत नसली.

माझा कौल सर्वसाधारण वाचकासाठी ‘इ.स.’ला आहे. प्रकाशकाची किंवा नियतकालिकाची अट असेल तर ‘सा.यु.’ जरूर वापरावे, पण आरंभी एकदा अर्थ सांगून शेवटपर्यंत तेच ठेवावे. एका पानावर दोन्ही आल्यास वाचक त्यांना वेगळ्या कालगणना समजेल. सातवाहनकालीन तेरसारख्या स्थळाबद्दल लिहिताना ‘इ.स.पू.’ आणि ‘इ.स.’ हा भेद न चुकता दाखवावा, कारण तिथे अक्षर गळले की काळ शतकाने सरकतो. १९३० च्या मार्शल लॉचे किंवा १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचे वर्ष लिहिताना कोणतीच संज्ञा लागत नाही.