गाडी गॅरेजात दिली, इंजिन दुसरंच परत आलं

माझ्याकडे १९९६ सालची टाटा मोबाइल आहे. पिवळ्या पाटीची, सिंगल केबिन, मागे लोखंडी हौदा. २०२१ च्या दिवाळीत मुरबाडच्या एका नर्सरीवाल्याकडून ती ८५ हजारांना घेतली. धंद्यासाठी नाही, आवड म्हणून. मी रबाळ्याला कंपनीत शिफ्टला जातो, राहायला कळव्याजवळ खारेगावात. रविवारी सकाळी चहा झाला की मी गाडीखाली असतो. केबिनचा गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करून घेतला, मागचे पाटे खोलून बुश बदलले, हेडलाइटला रिले टाकले, वायरिंग तर जवळजवळ सगळंच नवीन ओढलं. तीन वर्षांत तिने मला कधी रस्त्यात सोडलं नव्हतं. माळशेज घाटात भर पावसात ती तिसऱ्या गिअरमध्ये एका लयीत चढायची, आणि तो आवाज ऐकायला मी मुद्दाम काच खाली ठेवायचो.

ते इंजिन आता माझ्या गाडीत नाही. कुणीतरी ते काढून घेतलं आणि त्या जागी भंगारातलं बसवून दिलं. जुन्या गाड्यांची आवड असलेली माणसं आपल्याकडे वाढताहेत, म्हणून झालं ते सगळं लिहितो आहे.

या गाडीबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण फसवणुकीची वाट तिथूनच जाते. टाटा मोबाइल १९८८ साली आली, तेव्हा टाटा मोटर्सचं नाव टेल्को होतं. तिच्याच पायावर पुढे १९९१ ला सिएरा, १९९२ ला इस्टेट आणि १९९४ ला सुमो निघाली. इंजिन १९४८ सीसीचं, ४८३ या नावाचं. चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), म्हणून ४८३. सुरुवातीच्या सुमोतही हेच इंजिन होतं. त्यामुळे आम्हा लोकांना सुटे भाग मिळायची अडचण पडत नाही. शिळफाट्याच्या भंगार गोडाऊनमध्ये किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या सुमोचं काहीतरी सापडतंच. पण जी वस्तू सहज मिळते, ती सहज बदलताही येते. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात गाडी तापायला लागली. रेडिएटरचं पाणी कमी व्हायचं, खाली एक थेंबही पडलेला नसायचा. ऑइलची कांडी ओढली तर तिला दुधाळ, कॉफीसारखं ऑइल. इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, खालचं मुख्य ओतकाम म्हणजे ब्लॉक, आणि दोघांच्या मधला पाणी-ऑइल वेगळं ठेवणारा थर म्हणजे हेड गॅस्केट. ते गेलंय हे मलाही कळलं. माझे नेहमीचे मिस्त्री त्या वर्षी हात थरथरतात म्हणून काम सोडून साताऱ्याकडे गावी गेले होते. ऑफिसातल्या एकाने महापे रस्त्यावरचं एक गॅरेज सुचवलं. गेलो तर समोरच दोन जुन्या जीप उभ्या, एकदम आरशासारख्या. मालक चाळिशीचा, बोलायला गोड. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडून मिनिटभर नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, अशी ओरिजिनल राहिलेली आता बघायला मिळत नाही. हे काम मी धंदा म्हणून करणार नाही."

त्या वाक्याला मी भुललो. आपल्या आवडीची कदर करणारा माणूस भेटला की आपण त्याला प्रश्न विचारत नाही. आणि दुसरी गोष्ट मला खूप उशिरा कळली. ज्याचं पोट गाडीवर आहे तो गॅरेजात स्टूल टाकून बसतो, कारण एक दिवस गाडी उभी राहिली की त्याचं भाडं बुडतं. हौशी माणसाची गाडी महिना-दीड महिना पडून राहिली तरी तो फक्त फोन करतो. "घाई नाही, पण काम चांगलं करा," हे मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

हेड उतरवलं त्या दिवशी मात्र मी हजर होतो. शनिवार होता. चारही पिस्टनांवर काळी काजळी, दोन आणि तीनच्या मधे गॅस्केट जळून तुटलेलं. पोराने एका पिस्टनचा माथा चिंधीने पुसला तर त्यावर इंग्रजीत एसटीडी असा शिक्का दिसला. म्हणजे पिस्टन स्टँडर्ड मापाचा, झिजला म्हणून सिलिंडर कापून मोठा करायची, म्हणजे बोअर मारायची, वेळ कधी आलेलीच नाही. २८ वर्षांचं इंजिन आणि अजून पहिल्या मापावर! मला इतका आनंद झाला की मी मोबाइलमध्ये चार फोटो काढले. माझ्या हातून झालेली शहाणपणाची गोष्ट एवढीच, आणि तीही शहाणपणाने केलेली नव्हती.

चार दिवसांनी फोन आला. "साहेब, वाईट बातमी आहे. ब्लॉकला भेग आहे." व्हॉट्सॲपवर फोटोही आला, ब्लॉकच्या अंगावर केसासारखी रेघ, वर खडूने गोल केलेला. मग त्याने दोन वाटा सांगितल्या. दुसरा ब्लॉक टाकायचा तर इंजिन नंबर बदलणार, त्याला आरटीओची परवानगी, आरसीवर नवा नंबर चढवायचा, म्हणजे खेटे. त्यापेक्षा हाच ब्लॉक वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या कारागिराकडून शिवून, म्हणजे भेग सांधून, घेऊ आणि खोललंच आहे तर लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं स्टँडर्ड मापाचं नवीन टाकू. एकूण ६८ हजार. मला ती दुसरी वाट प्रामाणिक वाटली. नंबर वाचतोय, ओरिजिनल ब्लॉक वाचतोय, याहून जास्त काय हवं?

३० हजार मी यूपीआयने पाठवले. उरलेले रोख द्या म्हणाला, पक्कं बिल केलं तर १८ टक्के जीएसटी तुमच्याच डोक्यावर बसेल. मी मानलं. हातात आला तो कच्च्या पॅडवरचा कागद, वर गॅरेजचं नाव नाही, खाली सही नाही. बायको त्या दिवशीच म्हणाली होती, "अहो, एवढे पैसे देताय, निदान कागद तरी नीट घ्या." मी म्हटलं, माणूस तसा नाहीये. जुने काढलेले पिस्टन मागितले तर "पोरांनी भंगारात टाकले, तुम्ही आधी सांगितलं असतं तर ठेवले असते," असं उत्तर मिळालं.

नोव्हेंबरात गाडी हातात आली. इंजिन करड्या रंगाने रंगवलेलं, नव्यासारखं दिसत होतं. तो रंग बघून मी खूश झालो आणि रंगाखाली काय आहे ते बघायचं राहून गेलं. पहिल्या आठवड्यातच वाटलं, ताकद कमी आहे. रनिंग-इन आहे, नवे भाग अजून बसताहेत, दीड-दोन हजार किलोमीटरने खुलेल, असं तो म्हणाला. पारसिकच्या चढावर दुसरा गिअर टाकावा लागायला लागला. फेब्रुवारीपर्यंत निळसर धूर, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून फुसफुस, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल कमी. नवीन रिंगा टाकलेलं इंजिन असं वागत नाही. फोन केला की तो उचलायचा, "घेऊन या ना साहेब," म्हणायचा आणि नेमका त्या दिवशी बाहेरगावी असायचा.

शेवटी तुर्भ्याला एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना काका म्हणतात. आयुष्यभर सुमो आणि टाटा ४०७ खोलण्यात गेलेला माणूस. काकांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, त्यातून येणारी वाफ तळहातावर घेतली आणि म्हणाले, "यात नवीन काही नाही. उघडू?" मी तिथेच बसलो, या वेळी स्टूल टाकून.

हेड निघालं. काकांनी पहिल्या पिस्टनचा माथा डिझेलच्या चिंधीने पुसला. काजळीखालून आकडा वर आला: ०.५०. दुसऱ्यावर तोच, तिसऱ्यावर तोच. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइजचे पिस्टन. म्हणजे हे इंजिन केव्हातरी एकदा झिजून बोअर मारून झालेलं आणि त्यानंतर पुन्हा झिजलेलं. माझ्या कागदावर लिहिलंय "स्टँ. सेट नवीन", माझ्या मोबाइलमध्ये एसटीडीचे फोटो, आणि समोर हे. काकांनी ब्लॉकच्या सगळ्या बाजूंनी तारेचा ब्रश मारला. भेगेचं किंवा शिवणीचं नाव नाही. "ही भेग नाहीच पडलेली. हा ब्लॉकच तुझा नाही," ते म्हणाले.

पण इंजिन नंबर? नंबर तर आरसीवरचाच होता. मी तोच नंबर आनंदाने वाचला होता गॅरेजातून गाडी परत घेताना. काकांनी टॉर्च तिरका धरला. नंबराखालची जागा आजूबाजूच्या ओतकामापेक्षा गुळगुळीत होती, बोट फिरवलं तर किंचित खोलगट लागत होती. ग्राइंडर फिरवल्याची खूण.

मी त्याच रात्री घरी फाइल काढली. गाडी नावावर करताना एजंटने चॅसिस आणि इंजिन नंबरावर चिकटपट्टी ठेवून पेन्सिल घासून छाप घेतले होते आणि एकेक जास्तीचा छाप माझ्या फाइलमध्ये राहिला होता. दुसऱ्या दिवशी काकांकडे जाऊन आम्ही तसाच नवा छाप घेतला आणि दोन्ही पट्ट्या पांढऱ्या कागदावर खाली-वर चिकटवल्या. आकडे तेच, पण छाप वेगळे. जुन्या पट्टीत चारचा आकडा वरून उघडा, नव्यात मिटलेला. जुन्यात सगळे आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे. नव्यात शेवटचे दोन खाली घसरलेले, सातचा पाय दोनदा उमटलेला, हातोडी दुसऱ्यांदा मारल्यासारखा. बाजारात मिळणाऱ्या पंचने कुणीतरी माझा नंबर दुसऱ्याच्या इंजिनावर ठोकला होता.

पैशांचं दुःख वेगळं, पण त्या क्षणी मला खरी भीती वाटली. खाली घासून टाकलेला नंबर कुणाचा? चोरीच्या गाडीचा असला तर? कागदोपत्री गाडी माझी, ताबा माझा, नंबर खोटा. पासिंग एप्रिलमध्ये होतं. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग लागतं आणि तिथे आरटीओच्या साहेबाने टॉर्च तिरका धरला असता तर आधी उत्तर मला द्यावं लागलं असतं. काकांनी स्पष्ट सांगितलं, "मी हे इंजिन परत बांधणार नाही. आधी पोलिसांत जा, मग पासिंगचं बघ."

पोलिसांत पहिल्या दिवशी "कामाच्या दर्जाचा वाद आहे, दिवाणी मामला आहे" असं ऐकायला मिळालं. दुसऱ्यांदा एक ओळखीचे वकील बरोबर आले. पिस्टनचे आधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसकट, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचे सगळे मेसेज आणि त्या दोन पट्ट्या, एवढं घेऊन लेखी अर्ज दिला. पट्ट्या बघितल्यावर साहेबांचा सूर बदलला. हे खराब काम नाही, हे नंबरात फेरफार आहे, असं तेच म्हणाले. १ जुलै २०२४ नंतरची घटना असल्यामुळे भारतीय न्याय संहिता लागू होते, फसवणुकीला कलम ३१८ आणि विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटण्याला ३१६. घासलेला नंबर रसायन लावून पुन्हा उठवता येतो, हेही मला तिथेच कळलं. त्यासाठी ब्लॉक कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवायचा आहे.

गॅरेजवाल्याला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, कामाला होता त्या पोराने परस्पर केलं आणि तो पोरगा गावी गेला. २५ हजार परत दिले. गाळा भाड्याचा होता, तो महिन्याभरात रिकामा झाला. त्या दोन जीपही त्याच्या नव्हत्या, माझ्यासारख्याच कुणाच्या तरी होत्या. त्यातल्या एका मालकाचा मी शोध घेतला आणि त्याला आधी छाप तपासायला सांगितलं.

आता मी भेटेल त्या प्रत्येकाला एकच काम करायला लावतो. गाडी गॅरेजात देण्याआधी स्वतः चिकटपट्टी आणि पेन्सिल घेऊन इंजिन आणि चॅसिस नंबराचा छाप घ्या आणि घरात ठेवा. दहा रुपयांत होतं. फोटोत आकडे दिसतात, पण पंचची खोली आणि आकड्याचं वळण छापात जसं उतरतं तसं फोटोत उतरत नाही. ब्लॉकवर, पंपावर, अल्टरनेटरवर कुणाला सहज दिसणार नाही अशा जागी पंचने स्वतःचा एक ठिपका मारून ठेवा. काढलेले जुने भाग परत हवेत हे काम सुरू व्हायच्या आधी मेसेज करून कळवा. आणि "ब्लॉक गेला" असा फोन आला तर फोटोवर भागवू नका, तो ब्लॉक तिथे जाऊन हाताने बघा. मला आलेला भेगेचा फोटो मी नंतर मोठा करून पाहिला. तो माझ्या ब्लॉकचा नव्हताच. माझ्या ब्लॉकवर एक खूण आहे, ती त्या फोटोत नाही. मला हे त्या दिवशी दोन मिनिटांत कळलं असतं.

ती खूण इथे सांगतो. अल्टरनेटरचं ब्रॅकेट ज्या कानाला बोल्टने बसतं तो कान २०२२ मध्ये तुटला होता. साताऱ्याला गेलेल्या माझ्या मिस्त्रींनी तो पितळाने ब्रेझिंग करून जोडला. काळ्या बिडावर बोटभर लांबीची पिवळी शिवण आहे आणि तिच्या खालच्या टोकाला पितळाचा एक थेंब ओघळून गोठलेला आहे, तो त्यांनी घासून काढला नाही कारण मीच राहू दे म्हटलं होतं. पिस्टन स्टँडर्ड मापाचे. ते इंजिन चांगलं आहे, म्हणजे ते कुणाच्या तरी सुमोत किंवा टाटा मोबाइलमध्ये आज चालत असणार. ठाणे, नवी मुंबई, पनवेल, भिवंडी, कुठल्याही गॅरेजात ४८३ उघडलेलं दिसलं तर कृपया अल्टरनेटरच्या मागे एकदा टॉर्च मारून बघा.