राष्ट्रीय उत्पन्नाची प्रसिद्धिपत्रके : सोलापूरच्या वर्गातून एक अभिप्राय
सांख्यिकी मंत्रालयाची ही प्रसिद्धिपत्रके मी सोलापुरात अर्थशास्त्र शिकवताना नेहमी वापरतो. ती मोफत मिळतात आणि आकड्यांतील दुरुस्ती उघडपणे मांडतात, हे मला फार मोलाचे वाटते. २०२३-२४ मधील देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) वाढीचा अंदाज जानेवारी २०२४ मध्ये ७.३ टक्के होता, फेब्रुवारीत ७.६, मेअखेर ८.२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ९.२ टक्के झाला. चारही पत्रके बाकावर शेजारी मांडली, की ‘सर, मग खरा आकडा कोणता?’ हा प्रश्न येतोच. कंपन्यांचे ताळेबंद आणि सरकारी खर्चाचे अंतिम हिशेब उशिरा हाती येतात, हे समजावल्यावर उलगडा होतो. मात्र घरी विड्या वळणाऱ्या बाईची किंवा दोन मागांवर टॉवेल विणणाऱ्याची कमाई तिमाही अंदाजात थेट मोजली जात नाही, बव्हंशी इतर निर्देशकांवरून काढली जाते. त्याविषयीचे स्पष्टीकरण सविस्तर आणि मराठीतही हवे.