करडा नॉर्वेजियन एल्कहाउंड: पायांपासून पाहायला सुरुवात करावी असा शिकारी कुत्रा

उत्तरेकडचा स्पिट्झ कुळातला शिकारी कुत्रा निवडताना बहुतेकांची नजर आधी वेटोळ्या शेपटीवर आणि ताठ कानांवर जाते. दोन्ही देखणी असतात, जातीची ओळखही त्यांच्यावरूनच पटते. पण रानात काम अडतं ते पंजावर, केसांच्या पोतावर आणि कंबरेवर. म्हणून करड्या नॉर्वेजियन एल्कहाउंडचं हे परीक्षण पायांपासून सुरू केलं आहे. डोकं आणि शेपूट शेवटी.

आधी नावाचा घोळ मिटवू. नॉर्वेजियन भाषेत 'एल्ग' म्हणजे मूस, हरणांच्या कुळातलं सर्वांत मोठं जनावर, आणि 'हुंड' म्हणजे साधा कुत्रा. इंग्रजीत त्याचं 'हाउंड' झालं, आणि लोंबत्या कानांच्या, टोळीने माग काढत धावणाऱ्या हाउंडांच्या रांगेत हा विनाकारण जाऊन बसला. त्या कुळाशी याचा काही संबंध नाही. एफसीआयच्या (कुत्र्यांच्या जाती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) वर्गवारीत तो पाचव्या गटात, उत्तरेकडच्या शिकारी कुत्र्यांच्या विभागात येतो. मापदंडाचा, म्हणजे जातीच्या अधिकृत वर्णनाचा, क्रमांक २४२, आणि जातीला काम-चाचणी जोडलेली आहे. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण या कुत्र्याचा प्रत्येक अवयव कामाशी ताडून पाहता येतो.

काम दोन तऱ्हांचं. पट्टा-शिकारीत कुत्रा छातीपट्ट्याला लांब दोरी लावून शिकाऱ्यापुढे चालतो, वास धरतो आणि तोंडातून आवाज न काढता मूसपर्यंत नेतो. मोकळ्या शिकारीत तो एकटा पुढे जातो, मूस गाठतो आणि समोर उभा राहून भुंकत त्याला जागच्या जागी गुंतवून ठेवतो. शिकारी येईपर्यंत हे बराच वेळ चालू शकतं. मूस चारशे किलोचा असू शकतो आणि पुढच्या खुरांनी तडाखा देतो. कुत्रा जेमतेम २३ किलोचा. ताकदीची तुलनाच नाही. कुत्र्याकडे असतं ते जागच्या जागी गर्रकन वळणं, मागे उडी घेणं आणि लगेच पुन्हा पुढे येणं. सगळा बांधा या एका हालचालीसाठी आहे.

आता पंजा. तो लांबट गोल, मुठीसारखा घट्ट हवा. बोटं कमानदार, एकमेकांना चिकटलेली, गादी जाड. कुत्र्याला सपाट जागी उभं करून पुढचा एक पाय उचला, म्हणजे सगळा भार दुसऱ्यावर जातो. भार पडताच बोटं पंख्यासारखी पसरली तर तो पंजा बर्फाच्या कडक पापुद्र्यावर टिकत नाही: बोटांच्या मधली कातडी चिरते, फटीत बर्फाचे गोळे अडकतात, आणि कुत्रा दर पाच मिनिटांनी थांबून पंजा चावत बसतो. बोटांमध्ये केस हवेत, पण आखूड आणि राठ. लांब मऊ केस असले की त्यांच्यावरच बर्फाची गोळी धरते. शिकारीच्या आधी ते गादीच्या पातळीपर्यंत कापा, त्याहून खोल नको, कारण फटीतल्या कातडीचं संरक्षण तेच करतात. मागच्या पायाला वरच्या बाजूचं जादा नख असेल तर ते पापुद्र्यात अडकून फाटतं. ते नसलेलंच बरं.

मागच्या पायांच्या वळणाबद्दल गैरसमज फार. प्रदर्शनांतून लांब मागे टाकलेले पाय पाहून डोळ्याला तीच सवय लागते. एल्कहाउंडचा गुडघा आणि घोटा माफक वळलेला हवा. वळण फार असेल तर पाय दूर पडतो आणि उडी घेण्याआधी तो अंगाखाली ओढून घ्यावा लागतो. मूससमोर तेवढा क्षणही जास्तच. उलट पाय खांबासारखा सरळ असेल तर प्रत्येक उडीचा धक्का गुडघ्याच्या सांध्यावर बसतो. मागून पाहिलं की घोटे समांतर दिसले पाहिजेत. ते आत वळलेले असतील तर वळताना पाय एकमेकांना घासतात आणि मागच्या भागाची ताकद वाया जाते.

बांधा चौकोनी. मापदंडात नराची आदर्श उंची ५२ सेंटीमीटर, मादीची ४९. वजन साधारण २३ आणि २० किलो. मापायचं असेल तर कठीण, सपाट जमिनीवर उभं करा. खांद्याच्या सर्वांत उंच जागी आडवी पट्टी टेकवून जमिनीपर्यंतची उंची घ्या. केस दाबून घ्या, नाहीतर सहज एक-दोन सेंटीमीटर वाढीव भरते. मग छातीच्या पुढच्या हाडापासून बुडाच्या हाडापर्यंतची लांबी मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. छातीची खोली उंचीच्या निम्मी, म्हणजे ५२ सेंटीमीटरच्या नरात सुमारे २६. छाती याहून खोल असली तर भरदार दिसते खरी, पण खोल बर्फात तीच आधी टेकते आणि पाय पुरते रुतण्याआधीच पोट घासायला लागतं.

चौकोनातही फसगत होते. पाठ आखूड दिसते, पण कशामुळे? बरगड्या पुरेशा लांब असून कंबर आखूड असेल तर उत्तम: फुप्फुसांना जागा मिळते आणि वळताना मागचं धड पुढच्याबरोबर एकसंध फिरतं. बरगड्याच आखूड आणि कंबर लांब असेल तर मोजमाप तेवढंच भरतं, पण कुत्रा तासाभरात दमतो. हे टेपने कळत नाही. शेवटची बरगडी बोटांनी शोधा आणि तिथून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत किती बोटं मावतात ते पाहा. दोन-तीन कुत्र्यांवर हात फिरवला की फरक हाताला आपोआप कळू लागतो.

केस हा या जातीचा सर्वांत मोठा गुण आहे. वरचे केस राठ, सरळ, अंगाला लागून, टोकाला काळे. खाली मऊ, फिकट, दाट लोकर. पाठीवर ओंजळभर पाणी टाका. चांगल्या केसांवर ते थेंबाथेंबाने ओघळतं. पाच मिनिटांनी दोन अंगठ्यांनी केस बाजूला सारून मुळाशी पाहा, कातडी कोरडी हवी. केस मऊ, लांब किंवा लहरी असतील तर पाणी आत उतरतं, लोकर भिजते, आणि थांबल्यावर कुत्रा गारठतो. मोकळ्या शिकारीत धावून गरम झालेला कुत्रा एकदम उभा राहून भुंकायला लागतो, त्यामुळे ओल्या लोकरीचा धोका इथे सर्वांत जास्त. वारंवार शॅम्पू आणि कंडिशनर वापरूनही चांगले केस मऊ पडतात. प्रदर्शनासाठी फुलवलेला कुत्रा पाहत असाल तर आठवडाभर न धुतलेला पाहायला मागा. खांद्यामागे केसांचा फिकट पट्टा असतो, छातीपट्टा बांधल्यासारखा. ती जातीची खास खूण आहे, कामाशी मात्र तिचा संबंध नाही.

याच केसांचा तोटाही आहे. दाट लोकरीखाली चरबी लपते. नजरेला सडपातळ दिसणारा कुत्रा तीन किलोने जास्त असू शकतो, आणि २३ किलोच्या अंगावर तीन किलो म्हणजे सुमारे १३ टक्के ओझं, तेही प्रत्येक उडीत सांध्यांवर. म्हणून डोळ्यावर भरवसा ठेवू नका. महिन्यातून एकदा वजन करा आणि बोटं लोकरीत खुपसून बरगड्या चाचपा: हलक्या दाबात एकेक मोजता यायला हवी. या जातीत कातडीवर गाठी येण्याचं प्रमाणही जास्त आहे आणि त्याही केसांत उशिरा सापडतात. विंचरताना हात मुळापर्यंत नेला तर हे काम त्यातच होऊन जातं. लोकर वर्षातून साधारण दोनदा गळते आणि तेव्हा ढिगाने गळते. नॉर्वेत मूसचा हंगाम २५ सप्टेंबरला उघडतो आणि सुरुवातीचे दिवस उबदार असू शकतात. हिवाळी केसांतला कुत्रा अशा दिवशी लवकर तापतो. तेव्हा पहाटेच काम उरकून दुपारी त्याला सावलीत, पाण्याजवळ ठेवणं एवढाच उपाय. केस भादरू नका. लोकर वाढते आणि वरचे राठ केस मागे पडतात, मग पुढचा अख्खा हंगाम अंगावर पाणी शोषणारा स्पंज.

चाल पाहायची तर दुडकीत. कुत्रा दोरीवर, पण दोरी सैल. समोरून पाहताना सावकाश चालीत पाय सरळ पडतात, वेग वाढला की मध्यरेषेकडे झुकतात. कोपर बाहेर फेकलं जात असेल तर खांदा सैल आहे. मग आठच्या आकड्यात फिरवा. चांगला एल्कहाउंड वळताना वेग न मोडता मागच्या पायांवर फिरतो. वळणावर पाठ डोलत असेल किंवा तो मोठं वर्तुळ घेत असेल तर कंबर कमजोर आहे, मग मोजमापं कितीही बरोबर असोत.

डोक्याबद्दल थोडक्यात. पाचरीच्या आकाराचं, कवटीपाशी रुंद. नाकाचा भाग ना टोकदार ना बोथट. दात कात्रीसारखे जुळणारे. डोळे गडद तपकिरी, पापण्या घट्ट, कारण सैल पापणीत बर्फाचे कण आणि काटक्या साचतात. कान उंचावर, ताठ, रुंदीपेक्षा थोडे उंच आणि केसाळ. पिल्लाचे कान दात बदलताना मधूनच लोळतात, त्याने घाबरू नका. शेपूट उंचावरून निघून पाठीच्या मध्यावर घट्ट वेटोळी. वेटोळं थोडं सैल असलं म्हणून शिकारीत काही बिघडत नाही, त्यासाठी चांगल्या पंजाचा कुत्रा नाकारणं चुकीचं आहे.

भावंडांशी तुलना केली की या बांध्याची मर्यादा कळते. स्वीडनचा येम्टहुंड १९४६ पर्यंत याच्याच जातीत धरला जाई. त्याची आदर्श उंची नरात ६१, मादीत ५६ सेंटीमीटर, गालांवर आणि गळ्यावर फिकट रंग. खोल बर्फात लांबवर मूसचा पाठलाग करायचा असेल तर तोच घ्यावा, करडा एल्कहाउंड तिथे उंचीत कमी पडतो. फिनलंडचा कॅरेलियन बेअर डॉग नरात ५७ सेंटीमीटर, अधिक आक्रमक, दुसऱ्या कुत्र्यांशी पटवून घ्यायला अवघड. फिनिश स्पिट्झ नरात अवघा ४७, तो झाडावरच्या पक्ष्यांसाठी. पक्ष्याला भुंकण्यात गुंतवून ठेवणं हे त्याचं मुख्य काम, मूससमोर त्याला उभं करू नये. पट्ट्यावर आणि मोकळं अशी दोन्ही कामं एकाच कुत्र्याकडून हवी असतील, रान दाट आणि बर्फ माफक असेल, तर करड्याइतका जुळणारा दुसरा नाही.

पिल्लू घेताना वरचं काहीच नीट पाहता येत नाही, म्हणून आईबाप पाहायचे आणि त्यांचे कागद. खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे अहवाल (श्रेणी ए ते ई, ए सर्वांत चांगली; ए आणि बी ठीक, डी-ई नको), डोळ्यांची तपासणी, आणि आखूड पायांच्या आनुवंशिक दोषाची जनुक-चाचणी. हा दोष करड्या एल्कहाउंडमध्ये आणि कॅरेलियन बेअर डॉगमध्ये आढळतो, २०१३ मध्ये त्याचं जनुक सापडलं. आईबाप दोघेही वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेले, असले तर दोघेही दिसायला निर्दोष असतात, पण प्रत्येक पिल्लाला दोष येण्याची शक्यता २५ टक्के. वाहक कुत्रा बाद करायची गरज नाही, फक्त त्याची जोडी दोषमुक्त कुत्र्याशीच लावायची. दोन वाहकांची पिल्लं कोणी विकत असेल तर आठ आठवड्यांचं पिल्लू कितीही गुटगुटीत दिसो, तिथून परत फिरा.