पीएसए उतरला म्हणून कॅन्सर गेला असं समजू नका: नागपुरात आमची झालेली फसवणूक

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरचं एक वेगळंच आहे. बायोप्सीत, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, कॅन्सर निघतो, घरादाराच्या पायाखालची जमीन सरकते, आणि डॉक्टर म्हणतात, "सध्या काही करायचं नाही. लक्ष ठेवू." ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही, साधी गोळीसुद्धा नाही. आम्हाला ज्यांनी लुबाडलं ते नेमके याच रिकाम्या जागेतून घरात शिरले. ही मंडळी अजून धंदा करत आहेत आणि त्यांची गिऱ्हाइकं फक्त नागपूरची नाहीत. वर्धा, यवतमाळ, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाट, सगळीकडून माणसं इथे उपचाराला येतात आणि यांच्या हाती लागतात. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचे हे अडुसष्ट वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. रात्री लघवीला सारखं उठावं लागायचं म्हणून धंतोलीत युरॉलॉजिस्टना, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांना, दाखवलं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाचा आकडा, 7.8 आला, म्हणजे जास्त. मग एमआरआय, मग बायोप्सी. रिपोर्टवर ग्लीसन 3+3, म्हणजे 6. हा आकडा 10 पर्यंत जातो आणि बायोप्सीत कॅन्सर म्हणून जे सांगतात त्यात 6 हा सर्वांत सौम्य. डॉक्टरांनी ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट नावाच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. सोळाशेहून जास्त पुरुष, तीन गट: एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याला रेडिएशन, तिसऱ्यावर फक्त लक्ष. 15 वर्षांचा निकाल 2023 मध्ये आला, तेव्हा तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले सुमारे 3 टक्केच होते. "पण लक्ष ठेवायचं म्हणजे विसरायचं नाही," हेही त्यांनी बजावलं. ठरावीक महिन्यांनी पीएसए आणि वर्षाच्या आत पुन्हा एमआरआय व बायोप्सी.

मला पटलं होतं. यांना मात्र झोप लागेना. अंगात कॅन्सर घेऊन माणूस गप्प कसा बसेल? वरून नातेवाइकांचे फोन. "काहून बाप्पा, काहीच करून नाही राहिले का तुम्ही?" अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने एका 'जीवनशैली केंद्रा'चा पत्ता दिला. त्याला प्रत्येक गिऱ्हाइकामागे पैसे मिळतात हे आम्हाला फार उशिरा कळलं.

केंद्रातल्या माणसाच्या नावाआधी डॉक्टर होतं, नावापुढे पदवी नव्हती. अंगात पांढरा कोट, टेबलावर प्रोस्टेटचं प्लास्टिकचं मॉडेल. पण त्याने आम्हाला वेळ दिला, आणि ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. आमच्या खऱ्या डॉक्टरांकडे बाहेर पन्नास माणसं ताटकळत असतात. हा तासभर बसला. एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून पाहिली. "काकू, तुम्ही झोपता का रात्री?" असं मलाही विचारलं. आजार निघाल्यापासून मला हे कोणीच विचारलं नव्हतं. अशी माणसं गोड बोलून जाळं टाकतात एवढं म्हणून भागत नाही. जे आपल्याला दुसरीकडे मिळत नाही तेच ती देतात, आणि त्याचे पैसे वसूल करतात.

तीन महिन्यांचे 84 हजार. आहार, काढा, कॅप्सूल आणि पुड्या. पुड्या साध्या पांढऱ्या कागदाच्या, वर स्केचपेनने फक्त 1 आणि 2 लिहिलेलं. 1 ची सकाळी, 2 ची रात्री. पैसे यूपीआयने एका बाईच्या वैयक्तिक खात्यात गेले. पावतीवर औषधाचा शब्द नाही, 'आहार सल्ला शुल्क' एवढंच. एका छापील फॉर्मवर यांची सही घेतली: मी स्वेच्छेने आहार मार्गदर्शन घेत आहे. हा कागद पुढे पोलिसांनी वाचला तेव्हा लक्षात आलं की तो पहिल्या दिवसापासून आमच्याविरुद्ध तयार होता.

आहाराचा तक्ता माझ्या हाती आला. दूध बंद, गहू बंद, डाळी बंद, मीठ बंद. दुपारपर्यंत फक्त रस. ज्याला आयुष्यभर ज्वारीची भाकर, वरण आणि जवसाची चटणी लागली तो माणूस दुधी-काकडीच्या रसावर बसला. गालफडं बसली, पँट दोरीने बांधावी लागली. केंद्रात सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "विष बाहेर पडून राहिलं काकाजी, चांगलं लक्षण आहे."

आणि मग पीएसए आला 0.9.

तो कागद हातात घेऊन हे खुर्चीवर बसून रडले. टेकडीच्या गणपतीला जाऊन आलो, पेढे वाटले. केंद्रातल्या माणसाने त्याच रिपोर्टचा फोटो घेतला आणि सांगितलं, "आता बायोप्सी करू नका. सुई टोचली की कॅन्सर पसरते." पुढच्या तीन महिन्यांचे पैसे त्याच दिवशी भरून घेतले. युरॉलॉजिस्टची तारीख टळली.

डिसेंबरात, नागपूरच्या ऐन थंडीत, हे रात्री रजई भिरकावून उठू लागले. बनियन घामाने पिळून काढण्यासारखी, चेहरा लालबुंद, आणि पंखा लाव म्हणायचे. दहा मिनिटांत पुन्हा कुडकुडायचे. हे मी ओळखलं. माझी पाळी जात होती त्या वर्षांत मला अगदी असंच व्हायचं. पुरुषाला असं कसं होईल हे मात्र उमगेना. पाठोपाठ छाती दुखायला लागली. आतून नाही, वरून. सदऱ्याचं कापड घासलं तरी कळ यायची. हाताला स्तनाखाली सुपारीएवढी गाठ लागायची, दोन्हीकडे. केंद्रात सांगितलं तर तेच उत्तर, विष बाहेर पडून राहिलं.

मग एका सकाळी डावी पोटरी सुजून टणक झाली, पाय टेकवेना. हॉस्पिटलात डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, केली. शिरेत रक्ताची गुठळी. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. मी पिशवीतून पुड्या काढून दिल्या. त्यांनी घामाचं विचारलं, छाती तपासली आणि टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, तपासणी लिहिली. प्रोस्टेटच्या पेशंटांना पुरुषी हार्मोन बंद करण्याची इंजेक्शनं देतात, त्यानंतर जेवढं उरतं तेवढंच यांचं आलं. आणि यांना असं एकही इंजेक्शन कोणी दिलेलं नव्हतं. पुड्या बंद केल्यावर काही महिन्यांत टेस्टोस्टेरॉन वर आलं, आणि त्याच्यासोबत पीएसएही वर आला.

युरॉलॉजिस्टनी नंतर आम्हा दोघांना बसवून जे समजावलं ते प्रत्येक पेशंटच्या घरी माहीत असायला हवं. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. चार्ल्स हगिन्स यांनी हे 1941 मध्ये दाखवलं, त्यासाठी त्यांना 1966 मध्ये नोबेल मिळालं. टेस्टोस्टेरॉन दाबलं, किंवा बाईचं हार्मोन दिलं, की पीएसए झपाट्याने उतरतो. म्हणजे पुडीत चोरून हार्मोन घातलं की महिन्या-दोन महिन्यांत रिपोर्ट सुंदर दिसतो. असा घाम येणं हे टेस्टोस्टेरॉन खाली गेल्याचं लक्षण; छाती वाढणं, पायात गुठळी होणं ही बाईच्या हार्मोनची जुनी ओळखीची लक्षणं. अमेरिकेत असं घडलेलं आहे. तिथे पीसी-स्पेस नावाचं आठ वनस्पतींचं म्हणून एक औषध विकलं जायचं, त्याने पीएसए खरोखर उतरायचा. तपासणीत त्यात डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं बाईचं हार्मोन निघालं. शिवाय रक्त पातळ करणारं वॉरफॅरीन आणि वेदनाशामक इंडोमेथासिनही निघालं. 2002 मध्ये ते बाजारातून मागे घ्यावं लागलं.

गुठळीमुळे रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली, म्हणून बायोप्सी आणखी लांबली. शेवटी झाली तेव्हा ग्लीसन 4+3, म्हणजे 7 निघाला. पुडीने कॅन्सर वाढवला असं म्हणता येणार नाही, हे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तो कदाचित आधीपासून वाढत असेल. पण तारखेला तपासणी झाली असती तर तारखेला दिसला असता. आता रेडिएशन झालं आहे, सोबत हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत. घाम तसाच येतो. फरक इतका की कोणतं औषध, किती मात्रा, किती महिने हे आम्हाला माहीत आहे, आणि हाडांची तपासणीही होते.

मी लिहायला बसले ते मात्र एका फोनमुळे. वर्ध्याकडचे एक गृहस्थ होते. "काकू, काकाजींचा पीएसए 0.9 झाला न? तुमचा नंबर केंद्रातूनच भेटला. बरे झालेल्या पेशंटशी बोला म्हणाले." आमचा तो रिपोर्ट, नावावर पट्टी चिकटवून, ते लोकांना दाखवत होते. पायाची गुठळी, बायोप्सी, रेडिएशन, सगळं होऊन गेलं होतं आणि तिकडे हे अजून 'बरे झालेले' म्हणून वापरले जात होते. मी फोन यांच्याकडे दिला. हे बाहेरच्यांसमोर दुखण्याचं कधी बोलत नाहीत. त्या दिवशी छाती सुजण्यापासून सगळं, एकही गोष्ट न लपवता, त्या अनोळखी माणसाला सांगितलं.

जीवनशैली बदलणं खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. रोज चालणं आणि थोडं वजन उचलणं याने थकवा कमी होतो, हार्मोनच्या उपचारात स्नायू आणि हाडं टिकायला मदत होते. हे आमचे डॉक्टर स्वतःच सांगतात, आणि आमचे हे आता रोज तसं करतात. भाजीपाला, कडधान्यं, कमी तेल-तूप हृदयाला चांगलं, आणि सौम्य प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या पुरुषांत हृदयविकाराने जाणारे या कॅन्सरने जाणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. पण याने कॅन्सर थांबतो का, हेही तपासलं गेलं आहे. अमेरिकेत लक्ष ठेवण्याच्या गटातल्या 478 पुरुषांपैकी अर्ध्यांना भरपूर भाज्या खायला लावून दोन वर्षं पाहिलं. 2020 मध्ये निकाल आला: भाज्या खरंच वाढल्या, आजार वाढण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आम्हाला दिलेल्या कॅप्सूल सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई च्या होत्या. पस्तीस हजारांहून जास्त निरोगी पुरुषांवरच्या सिलेक्ट नावाच्या अभ्यासात सेलेनियमचा उपयोग दिसला नाही. नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त आढळला, आणि हे 2011 पासून जाहीर आहे. भाकर-वरण यांच्या ताटात परत आलं आहे, चटणीसकट. कोणी डॉक्टरांनी त्याला हरकत घेतली नाही.

आयुर्वेदाविरुद्धही माझं काही नाही. माझ्या माहेरी पिढ्यानपिढ्या वैद्यांचंच औषध चाललं. पण खऱ्या वैद्याची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. तो क्रमांक विचारला तर तो रागावत नाही. कारखान्यातल्या आयुर्वेदिक औषधाच्या डब्यावर परवाना क्रमांक, बॅच, घटक, मुदत आणि बनवणाऱ्याचा पत्ता छापावाच लागतो. आमच्या पुड्यांवर स्केचपेनचा आकडा होता. आणि कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या औषधं व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे; त्या कायद्याच्या यादीत कॅन्सरचं नाव आहे. म्हणूनच केंद्राच्या पत्रकावर 'कॅन्सर' शब्द नव्हता. तो फक्त तोंडाने बोलला जायचा.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली, पोलिसांतही दिली, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावला आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही, मात्र दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला तो उरलेल्या पुड्यांचा. आमच्याकडे होत्या, कारण मी काही टाकून देत नाही.

ज्यांच्या घरी आज अशा पुड्या चालू आहेत त्यांनी रागाच्या भरात त्या फेकू नका. काही पुड्या न फोडता बाजूला ठेवा. पावती, यूपीआयचा तपशील आणि त्यांचे व्हॉट्सॲपचे मेसेज यांचे फोटो काढून मुलांकडे पाठवा. तुमच्या डॉक्टरांना सगळं सांगा, ते ओरडतील या भीतीने लपवू नका. पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉन तपासायचं का ते विचारा. राहिलेल्या एमआरआय-बायोप्सीची तारीख नव्याने घ्या. आणि एक पाय सुजला असेल किंवा दम लागत असेल, तर हे सगळं नंतर करा, आधी हॉस्पिटल गाठा.