बोलेरोची चाकं म्हणून 28,500 ला काय गळ्यात मारलं बघा

लाज सोडून लिहितोय. माझा मंडप-जनरेटरचा धंदा, बोलेरोमागं दोन चाकी ट्रॉलीवर जनरेटर असतो. ट्रॉलीची जुनी चाकं बारकी, रात्री पंक्चर झालं की बोलेरोची स्टेपनी असून उपयोग शून्य. म्हणून ठरवलं ट्रॉलीलाही बोलेरोचीच पाच बोल्टवाली 15 इंची चाकं घालायची, एकच स्टेपनी दोन्हीकडं. विचार चुकीचा नव्हता हे आधी सांगतो, घरात सगळे मलाच बोलतात.

हद्दीपलीकडं महाराष्ट्रात एक जुना माल विकणारा, व्हॉट्सॲपवर फोटो एकदम चकाचक. दोन हब (ज्याच्या बोल्टवर चाक बसतं तो भाग) 8,400, तीन चाकं टायरसकट 18,600, फिटिंग 1,500. 10,000 फोनपे केले, 18,500 रोख, कारण "बिल केलं तर जीएसटी लागतो मालक".

तिथंच कळायला पाहिजे होतं. चाक बोल्टवर चढवताना त्याच्या पोरानं हातोडा मारला. अहो चाक कधी हातोड्यानं बसवतात काय? मी बोट फिरवलं तर प्रत्येक होलाच्या कडेला अर्ध्या चंद्रासारखा उंचवटा, आणि चंदेरी रंग बोटाला लागला. विचारलं तर म्हणे "रंगाचा थेंब हाय, वाळला की बसतो". आणि मी, वीस वर्षं नटबोल्टात हात काळे केलेला माणूस, बोट पँटला पुसून गप्प. संध्याकाळी निपाणीत लग्नाची ऑर्डर होती, घाई होती, काय करणार. रिम दुसऱ्याच गाडीच्या, जुनी होलं वेल्डिंगनं बुजवून बोलेरोच्या मापाला नवीन पाडलेली!

नवव्या दिवशी तवंदी घाटात रिम फाटून चाक नटांतून निघालं आणि खाली झाडीत गेलं. माणसं वाचली, जनरेटरला 14,000 लागले. गंमत म्हणजे हब खरे होते, बोल्ट शाबूत, बोलेरोची स्टेपनी बरोबर बसली आणि तिच्यावरच घरी आलो.

आता ऐका पुढचं. इकडच्या ठाण्यात म्हणे व्यवहार महाराष्ट्रात झाला, तिकडं जा. तिकडं म्हणे चाक कर्नाटकात निघालं, गाडी केए पासिंग, तिकडंच जा. परत इकडं आलो तर अर्ज कन्नडमधून आणा. मला कन्नड बोलता येतं, लिहिता नाही, 200 देऊन लिहून घेतला तर साहेब नाहीत, "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या. असे चार नाळे झाले, डिझेल माझं, आणि पाचव्या दिवशी काय तर ही सिव्हिल मॅटर. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ना, म्हटलं तर शिपाई हसला. सीमाप्रश्न कोर्टात आहे, माझं चाक पण तिथंच न्यायचं काय?

जुनी रिम घेताना आतून बघा, रंग ओला असेल तर उठा तिथनं. टेप न्या, बोलेरोला एक सोडून पुढच्या होलाचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 133 मिमीच्या आसपास यायला पाहिजे. आणि हे मापात बसलं तरी वेल्डिंग बघाच, माझं मापात बसलं होतं. टायरच्या कडेला डीओटी म्हणून कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते, 3113 म्हणजे 2013 चा 31 वा आठवडा; माझ्या एकावर हेच होते, बाकी दोनवर घासून काढलेले, ते पण घरी आल्यावर बघितले.

ग्राहक आयोगात आता आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत करायची. धंद्याची वस्तू म्हणून अडवतील, पण स्वतःच्या पोटापाण्याचा धंदा असेल तर चालतं. वकील म्हणाले बिल दाखवा. फोनपेचा स्क्रीनशॉट दाखवला, 10,000. म्हणाले, आणि बाकीचे?