पोलादी छर्रे, १२ बोअर : बंद हंगामातल्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडमध्ये फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारीला मिटतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. त्याआधी ग्राऊस (माळरानावरचा पक्षी) १२ ऑगस्टला आणि तित्तर १ सप्टेंबरला सुरू होतात. काडतुसात शिशाच्या छऱ्यांऐवजी पोलादी छऱ्यांकडे वळायचं असेल तर ते याच मधल्या महिन्यांत करावं. हाकाऱ्यांनी पक्षी उठवल्यावर नव्या काडतुसाचा अंदाज घेत बसायला वेळ नसतो. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच संपला. पुढचं सगळं ब्रिटनमध्ये शॉटगनचं सर्टिफिकेट असलेल्यांसाठी आहे.)

बदल टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. नेमबाजी आणि ग्रामीण क्षेत्रातल्या नऊ संघटनांनी फेब्रुवारी २०२० मध्येच पाच वर्षांत स्वेच्छेने शिसं सोडायचं आवाहन केलं होतं. जुलै २०२५ मध्ये सरकारने बंदी जाहीर केली आणि बदलासाठी तीन वर्षांची मुदत दिली. इंग्लंडमध्ये पाणपक्ष्यांसाठी तर शिसं १९९९ पासूनच बंद आहे.

वापरलेली जोडणी अशी : १२ बोअरची ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्या) शॉटगन, ७० मिमी चेंबर (काडतूस बसतं ती जागा), बदलता येणारे चोक (नळीचं तोंड अरुंद करणारे तुकडे). क्लेसाठी (सरावाला हवेत उडवल्या जाणाऱ्या मातीच्या चकत्या) २८ ग्रॅम ७ नंबर पोलाद, पक्ष्यांसाठी २८ ग्रॅम ४ नंबर. बूच (दारू आणि छर्रे यांच्यामधलं) जैवविघटनशील, कारण प्लास्टिकचं बूच बऱ्याच इस्टेटी चालवून घेत नाहीत. साधं फायबरचं बूचही इथे चालत नाही. पोलाद नळीला घासू नये म्हणून छऱ्यांभोवती पूर्ण कप लागतो.

नंबर बदलण्यामागचं गणित आधी समजून घ्यावं. शिशाची घनता सुमारे ११, पोलादाची ७.८. तेवढ्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका असतो, म्हणून तो लवकर मंदावतो. यावर उपाय म्हणजे दोन नंबर मोठा छर्रा (नंबर जितका लहान, छर्रा तितका मोठा). शिशाचा ६ नंबर (२.६ मिमी) वापरत असाल तर पोलादाचा ४ नंबर (३.१ मिमी) घ्या. छर्रा मोठा झाला की संख्या घटते, पण धातूच हलका असल्यामुळे ती फार घटत नाही. २८ ग्रॅममध्ये शिशाचे ६ नंबर साधारण २७० बसतात, पोलादाचे ४ नंबर साधारण २३०. शिशाचाच ६ नंबर डोक्यात धरून पोलादाचाही ६ नंबर घेणं ही सगळ्यात मोठी चूक. कागदावर छऱ्यांचा पसारा भरगच्च दिसतो, पण लांबवरच्या पक्ष्यात छर्रा खोल जात नाही आणि पक्षी जखमी होऊन निघून जातो. ते होऊ नये म्हणूनच एवढी तयारी करायची.

पसारा तपासण्याचं काम एप्रिल-मेमध्ये, वारा नसलेल्या दिवशी उरकावं. १२० × १२० सेंमीचा कागद ४० यार्डांवर (साडेछत्तीस मीटर) लावा, मागे मातीचा उंच बांध हवा. शूटिंग ग्राऊंडवरच्या लोखंडी पाट्यावर पोलाद अजिबात मारू नका, छर्रे उलटून अंगावर येतात. चष्मा तर हवाच. प्रत्येक नळीने पाच काडतुसं, दर वेळी नवा कागद. छर्रे जिथे सर्वांत दाट पडलेत तो मध्य धरून ७६ सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा, आतली भोकं मोजा आणि पाचांची सरासरी घ्या. फेझंटसाठी वर्तुळात किमान १२० छर्रे हा जुना आणि भरवशाचा निकष आहे. २३० पैकी ५५ टक्के आत पडले तर १२६ होतात, म्हणजे काम भागतं. ५० टक्क्यांना ११५ वरच अडकतं. तसं झालं तर चोक बदलण्याआधी ३२ ग्रॅमचं काडतूस तपासून पाहा. त्यात २६० च्या आसपास छर्रे असतात.

चोकच्या बाबतीत पोलाद शिशापेक्षा वेगळं वागतं. छर्रा कठीण असल्यामुळे नळीत चेपत नाही, गोल राहतो आणि पसारा घट्ट पडतो. पाव चोकमधून (पूर्ण अरुंदीच्या चौथा भाग) पोलाद जवळपास शिशाच्या अर्ध्या चोकसारखं पडतं. म्हणून खालच्या नळीला इम्प्रूव्हड सिलिंडर (पावपेक्षाही मोकळा चोक) आणि वरच्या नळीला पाव चोक ही जोडी सगळ्यात चांगली जमली. अर्ध्याच्या पुढे जाऊ नका. पसारा सुधारत नाही आणि नळीवरचा ताण मात्र वाढतो.

आठ महिन्यांत सर्वांत जास्त त्रास चोकच्या आट्यांनी दिला. जैवविघटनशील बुचांचा चिकट थर आट्यांत जाऊन बसतो, वर सलग शंभर काडतुसं झाली की चोक घट्ट अडकतो. आता दर २५ काडतुसांनंतर, बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, चोक हाताने तपासला जातो. घरी आल्यावर तो काढून, पितळी ब्रशने आटे साफ करून, ग्रीसचं बोट फिरवून परत बसवला जातो. त्यानंतर अडचण आलेली नाही. नळी साफ झाली की ती खिडकीच्या उजेडाकडे धरून आतल्या सावलीच्या कडा पाहाव्यात. चोकच्या जागी कड तुटलेली किंवा फुगीर दिसली तर तिथे उंचवटा आलाय, ती बंदूक थेट गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे).

बंदूक योग्य आहे का, हे खरं तर सगळ्यात आधी पाहायचं. साधं पोलाद नायट्रो प्रूफ (आधुनिक दारूसाठी चाचणी होऊन शिक्का मिळालेल्या) बहुतेक बंदुकांत चालतं. उच्च दाबाच्या काडतुसांसाठी मात्र फ्लर-द-लीचा, म्हणजे लिलीच्या फुलाचा, प्रूफ शिक्का लागतो. ६५ मिमी चेंबरमध्ये ७० मिमीचं काडतूस घालू नये. डमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या) किंवा पातळ झालेल्या जुन्या नळ्यांत पोलाद नकोच, तिथे बिस्मथ या धातूचे छर्रे घ्यावेत. त्याची घनता सुमारे ९.६ आहे, एकच नंबर मोठा पुरतो, पण किंमत कितीतरी जास्त. आजोबांची दुनळी जपायची तर तो खर्च सार्थ आहे.

क्लेचा सराव महिन्यातून दोनदा, दर वेळी ५० पुरतो, ऑगस्टपासून दर आठवड्याला. उंच मनोऱ्यावरून येणाऱ्या क्लेवर भर द्यावा, कारण हाक्यातला फेझंट तसाच डोक्यावरून येतो. पक्ष्याच्या पुढे किती नेम धरायचा, यात ३० यार्डांपर्यंत शिसं आणि पोलाद यांत जाणवण्याजोगा फरक नाही. ३५ यार्डांपलीकडे मात्र हात आवरावा. शिशाने कधीमधी निभावून नेलेला लांबचा पक्षी पोलादाने निभत नाही.

साठवण : काडतुसं कोरड्या जागी, बंद डब्यात. ओल लागली की छर्रे गंजून एकमेकांना चिकटतात आणि गोळा होऊन बाहेर पडतात, तो गोळा धोकादायक असतो. भिजलेल्या पेटीतली काडतुसं वापरू नका. दगडी कुंपण, पाणी किंवा झाडाच्या बुंध्याकडे मारताना छर्रा उसळेल हे गृहीत धरावं. शिशाच्या सवयीचे हात हे विसरतात.

गनस्मिथकडची कामं मार्च-एप्रिलमध्येच द्या, ऑगस्टमध्ये रांग असते. सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं. यंदा संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज उन्हाळ्याच्या आधीच करावा.

पुन्हा हेच घेऊ का? हो, ४ नंबर, २८ ग्रॅम, पाव चोक आणि ३५ यार्डांची मर्यादा धरून. ज्यांच्या इस्टेटीवर पक्षी फारच उंच येतात त्यांनी ३ नंबर, ३२ ग्रॅम तपासावं, पण आधी कागदावर.