खंडपीठातली मोफत विधी सेवा: भावाच्या अपिलाचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला गांजाच्या केसमध्ये सेशन्स कोर्टात 10 वर्षं सक्तमजुरी आणि 1 लाख दंड झाला. तो भाड्याने पिकअप चालवायचा. गाडीत गोणी सापडली, वजन 22 किलो. गांजा 20 किलोच्या वर गेला की व्यापारी मात्रा धरतात, मग 10 वर्षांच्या खाली शिक्षाच नाही.

निकालानंतर एका खाजगी वकिलांना आईची पोत मोडून 40 हजार दिले. दोन महिने एकच उत्तर, "कागद टाकलेत." कागद टाकलेलेच नव्हते. हायकोर्टात अपिलाला 60 दिवसांची मुदत असते, ती अशी गेली.

नाशिकरोड जेलला मुलाखतीत भाऊ म्हणाला, "ताई, विधी सेवेचा फॉर्म भरू का?" मीच नको म्हणत होते, बिनपैशाचा वकील मन लावून काम करेल का, ही भीती. पण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तुरुंगात असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. निकालाची नक्कलही आरोपीला फुकट मिळते. आम्ही तिचे 3 हजार मोजले होते.

हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात विधी सेवेतून ज्या वकील मॅडम मिळाल्या, त्यांनी आधी उशीर माफ करण्याचा अर्ज केला. मग मला समोर बसवून पंचनाम्याच्या एका ओळीवर बोट ठेवलं: "हिरवट ओलसर पाने, काड्या, बिया व बोंडे." म्हणाल्या, "कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे. नुसती पानं-बिया त्यात येत नाहीत. इथे सगळं एकत्र, गोणीसकट तोललंय. शेंडे वेगळे केले तर 20 किलो भरतील का?" नमुनेही रस्त्यावरच काढलेले, अमली पदार्थांच्या कायद्याच्या (एनडीपीएस) कलम 52-अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर नाहीत. चार वर्षं केस चालली, आमच्या बाजूने हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मी पायऱ्यांवर बसून रडले.

त्याच कायद्याच्या कलम 37 मुळे अशा केसमध्ये जामीन फार अवघड. आरोपी दोषी नसावा असं मानायला कारण आहे, हे न्यायाधीशांना पटावं लागतं. तरी शिक्षेला स्थगिती मिळाली, जामीनही झाला. तोवर भावाचे आत साडेचार वर्षं गेले होते. जामीनदार शोधण्यात आमचे आणखी तीन आठवडे गेले, तेवढी तयारी आधीच करून ठेवा. तारखा ई-कोर्ट्स ॲपवर स्वतः बघत जा, आणि मॅडमांना भेटायला जाताना पंचनामा, जबाब, केमिकल रिपोर्ट सगळं घेऊन जा. त्या प्रत्येक पान वाचतात.

एक रुपया फी घेतली नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच.

अपिलाची अंतिम सुनावणी अजून बाकी आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भावाची पोलीस ठाण्यात हजेरी असते. मी सोबत जाते.